तुम्ही विचारलंत म्हणून: बोटीवर संडासाचं काय करता?

आम्ही बोटीवर राहतो म्हटलं की आधी थंडीबद्दल विचारतात, मग सामान कुठे ठेवता, पत्रं कुठे येतात. चहा संपत आला की आवाज जरा खाली येतो. "आणि ते... संडासाचं काय करता? खाली पाण्यातच जातं का?" इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स शहरातल्या मराठी घरांमध्ये हा प्रश्न मला इतक्यांनी विचारला आहे की एकदा नीट, सगळं लिहावंसं वाटलं.

पाण्यात जात नाही. कालव्यात मैला सोडायला बंदी आहे. आमची नॅरोबोट ५७ फूट लांब आणि सात फुटांपेक्षाही जराशी अरुंद. लंडन ते बर्मिंगहॅम जाणाऱ्या ग्रँड युनियन कालव्यावर आम्ही फिरते राहतो. कायमची जागा नसलेल्या बोटीला एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही, हा १९९५ च्या कायद्याचा नियम. म्हणजे गटाराला जोडलेला पाइप आमच्या नशिबी कधीच नाही. जे काही आहे ते साठवायचं आणि स्वतः नेऊन ओतायचं.

साठवायचे मुख्य प्रकार तीन. एक पंप-आऊट: पलंगाखाली किंवा तशाच जागी दोनशे-तीनशे लिटरची टाकी, ती भरली की बोट धक्क्यावर नेऊन पैसे देऊन मशिनने ओढून घ्यायची. दुसरा सुका संडास: लघवी वेगळी, मळ वेगळा, त्यावर नारळाच्या सोडणाचा भुसा. तिसरा कॅसेटचा, तो आमच्याकडे आहे. दिसायला साधं कमोड, खाली १८ लिटरची सपाट टाकी, ती बाजूच्या दारातून सरकवून बाहेर काढता येते.

पंप-आऊट का नाही, असं अनेक जण विचारतात, कारण त्यात हात लावावा लागत नाही. पण त्यात बोट हलवावी लागते. कालव्यावर वेगाची मर्यादा ताशी चार मैल, एकेक लॉक (पाण्याची पातळी बदलून बोट वर-खाली नेणारा, दारं असलेला हौद) पार करायला पंधरा-वीस मिनिटं. दहा किलोमीटर आणि आठ लॉक म्हटले की अर्धा दिवस गेला. जानेवारीत पाण्यावर बर्फ धरला किंवा दुरुस्तीसाठी पुढचा लॉक बंद असला, तर टाकी भरलेली असून बोट जागेवरच. कॅसेटला बोट हलवायची गरज नाही. ट्रॉलीवर बांधायची आणि काठच्या पायवाटेने चालत न्यायची. एवढ्या एका कारणासाठी मी कॅसेटच्या बाजूने आहे, आणि इथे कायम राहणाऱ्या कुणालाही तेच सांगेन.

आता हिशेब, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. माणसाला दिवसाला साधारण दीड लिटर लघवी होते. मळ त्या मानाने अगदी थोडा, दीडशे ग्रॅमच्या आसपास. दोघांची रोजची भर तीन लिटरच्या वर गेली, त्यात फ्लशचं पाणी. म्हणजे टाकी भरते ती पाण्याने. दोन माणसांना १८ लिटर तीन-चार दिवस पुरतात, त्यापुढे ओढू नये.

इथे आपल्या माणसांचा खास मुद्दा येतो. इंग्रज शेजारी कागद वापरतात, आपण पाणी. पाण्याने धुण्याची सवय मोडायची नाही हे आमचं पहिल्यापासून ठरलेलं. पण घरच्या सवयीने तांब्याभर पाणी घेतलं तर प्रत्येक वेळी लिटरभर टाकीत जातं, आणि चार दिवसांची टाकी दोन दिवसांवर येते. त्यावर उपाय अगदी साधा आहे. मऊ प्लास्टिकची, वाकड्या तोंडाची बाटली, जी बाळंतिणींना देतात. दाबली की बारीक धार जोरात येते आणि पाव लिटरच्या आत काम नीट होतं. मग कोरडं करायला कागदाचा एक तुकडा. पाहुणे आले की त्यांच्यासाठी वेगळी बाटली भरून ठेवते आणि आधीच दाखवते. संकोच वाटतो, पण तो दोन मिनिटांचा असतो. टाकी काठोकाठ भरल्यावरचा त्रास त्यापेक्षा कितीतरी मोठा.

सुका संडास आम्ही घेतला नाही तोही याच पाण्यामुळे. त्याचं सगळं तंत्र मळ कोरडा राहण्यावर आहे. धुण्याचं पाणी त्यात गेलं की भुसा ओलसर होतो आणि वास सुरू. शिवाय त्याचं खत व्हायला अनेक महिने लागतात, बोटीवर तेवढे डबे ठेवायचे कुठे? पूर्वी लोक पिशवीत बांधून कालव्यावरच्या कचरापेटीत टाकत. कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्टने २०२१ च्या अखेरीपासून ते बंद केलं, आणि मला ते योग्य वाटतं. ती पेटी कुणीतरी हाताने उचलतं.

रिकामी करायची जागा म्हणजे एल्सन पॉइंट. कालव्याकाठी ठरावीक अंतरावर विटांची छोटी इमारत असते, बोटवाल्यांकडे असलेल्या किल्लीने दार उघडतं. आत जमिनीलगत किंवा कमरेइतक्या उंचीवर मोठं भांडं, त्याला फ्लशची साखळी किंवा बटण, शेजारी विसळायचा नळ. भरलेली कॅसेट वीसेक किलोची होते. मी हातमोजे घालते, टाकीच्या वरच्या तोंडाचं सरकतं पातं घट्ट बंद आहे ना ते पुन्हा पाहते, ओतायची नळी बाहेरच्या बाजूला वळवते आणि झाकण काढते. मग दोन्ही हातांनी उचलून तोंड भांड्याच्या आत, अगदी जवळ धरते. टाकीच्या वरच्या अंगाला हवेचं एक बटण असतं. ओतताना ते अंगठ्याने दाबून धरायचं. हवा आत गेली की एकसारखी धार पडते. बटण सुटलं तर टाकी गुटगुट गचके देते आणि शिंतोडे उडतात. त्या अंगठ्यावरच सगळं आहे. शेवटी धार बारीक होते, आवाज पोकळ येऊ लागतो, तेव्हा टाकी जरा हलवून उरलेलं काढायचं. दोन-तीन लिटर पाणी घालून, झाकण लावून, टाकी चांगली हलवून पुन्हा ओतायचं. पाणी स्वच्छ येईपर्यंत.

त्यानंतरचं काम कॅसेटचं नाही, जागेचं. भांडं धुवायचं, कडेला काही उडालं असेल तर पुसायचं, फ्लश करायचं. आणि विसळायचा नळ व पिण्याच्या पाण्याचा नळ यांत कधीही गल्लत करायची नाही. कॅसेटचं तोंड पिण्याच्या नळाला टेकवणं हा माझ्या लेखी कालव्यावरचा सगळ्यात मोठा गुन्हा आहे. पुढचा माणूस तीच नळी आपल्या पिण्याच्या टाकीत सोडणार असतो.

वासाबद्दल खूप विचारतात. नीट ठेवलेल्या कॅसेटला रोज वास येत नाही. वास मुख्यतः लघवीचा, तिच्यातल्या युरियाचं जिवाणू अमोनिया करतात म्हणून, आणि ऊन वाढलं की ते काम भराभर होतं. म्हणून रिकाम्या टाकीत थोडं पाणी आणि औषध घालून ठेवतात. निळ्या औषधांपैकी काहींत फॉर्माल्डिहाइड असतं. ते जिवाणूंना मारतं, पण जिथे एल्सनचं पाणी सेप्टिक टँकला जातं तिथले कामाचे जिवाणूही मरतात. म्हणून मी फॉर्माल्डिहाइड नसलेलं हिरवं औषध वापरते. पुष्कळ बोटवाले कपडे धुण्याचं एन्झाइमवालं लिक्विडच घालतात, तेही चालतं. ब्लीच मात्र नको, त्याने रबराचा वायसर खराब होतो. वायसर कोरडा पडला की आपला हात आपोआप खोबरेल तेलाकडे जातो. तेही नको, खाद्यतेलाने आणि व्हॅसलिनने हे रबर बिघडतं आणि टाकी गळते. त्यासाठी सिलिकॉनचा स्प्रे मिळतो. इथलं पाणी जड, त्यामुळे टाकीत पांढरा थर बसतो. तो सायट्रिक अ‍ॅसिडने, म्हणजे आपल्या लिंबूसत्वाने, रात्रभर ठेवून निघतो.

आमच्याकडे कॅसेट दोन आहेत. पहिली भरली की दुसरी बसवायची आणि त्याच दिवशी पहिलीची सोय लावायची. "दुसरी आहे ना" म्हणून थांबायचं नाही. कुणी नव्याने बोटीवर किंवा मोटरहोममध्ये राहायला लागणार असेल, तर इतर कुठल्याही वस्तूआधी दुसरी कॅसेट घ्या.

आणि शेवटी उरतो तो प्रश्न, जो बहुतेक जण शब्दांत विचारत नाहीत, चेहऱ्यावर दिसतो. किळस नाही येत? सासूबाई सांगलीहून आल्या होत्या तेव्हा मी ट्रॉली बांधत असताना त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आमच्या वाड्यात टोपलीचे संडास होते. मागच्या बोळातून एक बाई यायची, डोक्यावरून न्यायची. तिचं नाव आम्हाला कुणाला माहीत नव्हतं गं." मग हातमोजे मागून घेतले आणि ट्रॉलीचा पट्टा ओढून धरला. नवरा नको नको म्हणत होता, त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवसानंतर मी या प्रश्नाचं उत्तर वेगळं देते. कोकणचे गांधी म्हटले जाणाऱ्या अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात सफाईचं काम मागितलं, ते उच्च जातीचे म्हणून नाकारलं गेलं, तेव्हा त्यांनी अन्न कमी कमी करत नेलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही त्यांच्यासाठी उपोषण केलं. माणसाकडून मैला उचलून घेण्यावर बंदी घालणारा आपला कायदा १९९३ चा, तो पुरेसा ठरला नाही म्हणून दुसरा २०१३ चा. मी उचलते तो माझा आणि माझ्या घरच्यांचा, बंद टाकीत, मोजे घालून, चार पावलांवर साबण आणि वाहतं पाणी असताना. याची मला किळस येत नाही. दुसऱ्याला नाव न विचारता उचलायला लावण्याची येते.

तुमच्यापैकी काही जण उन्हाळ्यात आठवडाभर बोट भाड्याने घ्यायचं म्हणताय, त्यांनी यातलं काही मनाला लावून घेऊ नका. भाड्याच्या बोटींवर बहुतेक करून पंप-आऊटच असतो, आठवडाभर सहसा पुरतो आणि परत दिल्यावर बोटवालेच टाकी रिकामी करतात. बुक करताना माणसं किती आणि टाकी किती लिटरची एवढं विचारून घ्या, वाकड्या तोंडाची बाटली माणशी एक आणा, आणि ओले वाइप्स कमोडमध्ये टाकू नका; ते विरघळत नाहीत आणि पंपाच्या नळीत अडकतात.