मेलेल्या जंतूंचा रिपोर्ट

'एमटीबी डिटेक्टेड, ट्रेस. रिफॅम्पिसिन रेझिस्टन्स इनडिटरमिनेट.' म्हणजे टीबीच्या जंतूची अगदी पुसट खूण सापडली, पण रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का ते ठरवता आलं नाही. हा रिपोर्ट आमच्या लॅबमधून माझ्या सहीने गेला आणि त्यात काहीच चूक नव्हती. तरी ती केस डोक्यातून जात नाही.

रुग्ण साठी ओलांडलेले. खोकला, उतरलेलं वजन. नमुना उत्तम होता, घट्ट पिवळसर बेडका. एरवी डबीत नुसती लाळ येते, कारण खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढा, एवढं सांगायलाही कुणाला दोन मिनिटं नसतात. स्लाइड निगेटिव्ह आली, त्याचं नवल वाटलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू सापडायला मिलिलिटरमागे ५ ते १० हजार असावे लागतात. एक्स्पर्ट अल्ट्राला, म्हणजे जंतूचा डीएनए शोधणाऱ्या मशीनवरच्या चाचणीला, सुमारे १६ पुरतात. कार्ट्रिज लावल्यापासून दीड तासाच्या आत उत्तर! ज्यांनी वर्षानुवर्षं स्लाइडवर डोळे शिणवलेत त्यांनाच याचं मोल कळेल.

पण अल्ट्राचं नेमकं काम समजून घ्यायला हवं. क्षयजंतूच्या डीएनएमध्ये ज्यांच्या बहुधा अनेक प्रती असतात असे आयएस ६११० आणि आयएस १०८१ हे तुकडे ते शोधतं. रिफॅम्पिसिन लागू पडेल का, हे आरपीओबी जनुकावरून ठरतं आणि त्याची प्रत जंतूमागे एकच. तुकडे सापडले पण आरपीओबी हाती लागलं नाही, की 'ट्रेस'. डीएनए जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे मशीनला कळत नाही. म्हणून पूर्वी टीबी झालेल्यांचा ट्रेस जपून वाचावा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते.

फॉर्मवर 'पूर्वी टीबीचे उपचार घेतले आहेत का?' असा रकाना असतो. तो कोरा होता. डॉक्टरांनी 'डिटेक्टेड' वाचलं आणि त्याच दिवशी औषधं सुरू केली. रिपोर्टची प्रत न्यायला मुलगी आली तेव्हा म्हणाली, "मॅडम, बाबांना परत कसा झाला? दोन वर्षांपूर्वी सगळा कोर्स पूर्ण केला होता त्यांनी." मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. "मशीन डिटेक्टेड म्हणतंय ना?" एवढंच उत्तर मिळालं. रिपोर्टमधला एकच शब्द वाचायची ही सवय मला संताप आणते.

कल्चर, म्हणजे नमुन्यातले जिवंत जंतू ट्यूबमध्ये वाढवून पाहायची चाचणी, लावलेलं होतंच. निगेटिव्ह म्हणायला ४२ दिवस थांबावं लागतं, पण ही ट्यूब बरीच आधी पॉझिटिव्ह झाली. झील-नील्सन पद्धतीने रंगवल्यावर जंतूंच्या लाल काड्या दिसल्या, पण सुट्या, विखुरलेल्या. क्षयजंतू द्रव माध्यमात सहसा दोरखंडासारखे पिळून वाढतात. एमपीटी ६४ ची, म्हणजे क्षयजंतूचं प्रथिन ओळखणारी, पट्टी बुडवली. पट्टी नीट चालल्याची कंट्रोलची रेघ आली, क्षयजंतूची दुसरी आलीच नाही. पुढे लाइन प्रोब या जनुकीय चाचणीने नाव दिलं, मायकोबॅक्टेरियम इंट्रासेल्युलारे. क्षयजंतूचाच भाऊबंद, पण टीबी नव्हे. पाण्यामातीत राहतो, जुन्या टीबीने खराब झालेल्या फुप्फुसात घर करतो. एकाच नमुन्यावर त्याला दोषी धरता येत नाही, म्हणून दुसरा मागवला. त्यातही तोच. म्हणजे ट्रेस बहुधा जुन्या, मेलेल्या क्षयजंतूंचा.

दरम्यान रुग्णाचा खोकला थोडा कमी झाला होता आणि 'औषध लागू पडलं' म्हणून सगळे निश्चिंत होते. टीबीच्या चार औषधांपैकी रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल या जंतूवरही वापरतात, पण याच्यावरचं मुख्य औषध अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या गटातलं, आणि तेच चालू नव्हतं. शिवाय संसर्गाच्या भीतीने घरच्यांनी त्यांना वेगळ्या खोलीत ठेवलेलं. नातवंडांना जवळ येऊ देत नव्हते. खरं तर या दुसऱ्या जंतूचा आजार सहसा माणसाकडून माणसाला होत नाही.

डॉक्टरांवर राग आहेच. पण तो ट्रेस खरोखर उलटलेल्या टीबीचा असता तर? कल्चरची वाट पाहण्यात आजार वाढला असता, घरात पसरलाही असता. २०२३ मध्ये जगभरात टीबीने सुमारे साडेबारा लाख माणसं गेली. डॉक्टरांच्या जागी मी थांबले असते का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही.

उपचार बदलले. आमच्याकडे आता तो रकाना कोरा असेल तर ट्रेसचा रिपोर्ट फोनवर विचारल्याशिवाय बाहेर जात नाही. उशीर होतो म्हणून तक्रारी येतात. येऊ देत.