हळदीच्या चार दिवस आधी

भावाच्या हळदीच्या दिवशी दुपारी दोन वाजता मी पहिल्यांदा पूर्ण हात, काखा आणि पूर्ण पाय असं सगळं वॅक्स एकाच बैठकीत करून घेतलं. मे महिना, अमळनेर, बाहेर ४५ अंशांचं ऊन. सकाळी अंघोळ करताना वजरीने हातपाय लाल होईपर्यंत घासले होते, कारण मैत्रीण म्हणाली होती की घासून गेलं की केस पटकन निघतात. दहा दिवसांपूर्वी रेझर फिरवलेला होता. पाळी दोन दिवसांवर आलेली होती. यातली कुठलीच गोष्ट मला कोणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

संध्याकाळी हळद लागली. करवली म्हणून नवरदेवाच्या खालोखाल मलाच माखलं. हळदीत डाळीचं पीठ होतं आणि रंग उजळावा म्हणून चांगली दोन-तीन लिंबं पिळलेली होती. हाताला लागताच अशी आग झाली की डोळ्यांत पाणी आलं, पण लग्नघरात कोणाला सांगणार? वरण-बट्टीची पंगत उठली आणि डीजे सुरू झाला. नेटच्या घट्ट बाह्यांचा ब्लाऊज घालून मी रात्री एक वाजेपर्यंत नाचले. घामाने अस्तर अंगाला चिकटलं होतं.

सकाळी उठले तेव्हा दंडांवर आणि पोटऱ्यांवर बारीक लाल पुळ्यांची जाळी पसरली होती. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. फुईने बाही वर केली आणि म्हणाली, "हाई काय व्हयनं व माय!" तिने मायेने खोबरेल तेलात कापूर कालवून लावला, तर आग आणखी वाढली. मग कोणीतरी मेडिकलवरून खाजेवरची एक ट्यूब आणून दिली. तिने एका रात्रीत लाली कमी झाली, म्हणून मी ती चार दिवस भरपूर लावली. पाचव्या दिवशी उजव्या काखेत दोन केसतुडं आली, मोठी, ठणकणारी, पुवाने भरलेली. हात खाली घेता येईना.

जळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टरबाईंनी आधी ती ट्यूब मागितली. त्यात स्टेरॉइड होतं. स्टेरॉइडने लाली दबते आणि बरं वाटतं, पण आत जंतू असतील तर त्यांना मोकळं रान मिळतं. चिठ्ठीशिवाय मिळणारी अशी मलमं लावून चेहरे खराब झालेल्या मुली आपण रोज बघतो, असं त्या म्हणाल्या. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण आपल्याकडे प्रत्येक घराच्या फडताळात अशी एक तरी अर्धी पिळलेली ट्यूब असते.

मग त्यांनी वॅक्सने नेमकं काय होतं ते समजावलं. केस मुळासकट निघाला की त्याची पिशवी काही काळ उघडी राहते. पट्टीबरोबर त्वचेच्या वरच्या थरातल्या मृत पेशीही उचलल्या जातात. म्हणजे त्वचेचं कवच एक-दोन दिवस पातळ असतं. आपल्या अंगावर एरवीही राहणारे जंतू घामाबरोबर आणि कपड्याच्या घर्षणाने त्या उघड्या पिशव्यांत शिरतात. मी तर वजरीने ते कवच सकाळीच खरवडून टाकलं होतं. त्यावर वॅक्स, वॅक्सवर लिंबू, लिंबावर घाम. वॅक्सनंतर लगेच उठणाऱ्या आणि काही तासांत किंवा दुसऱ्या दिवसापर्यंत बसणाऱ्या लाल गाठींना घाबरायचं नाही. दोन-तीन दिवसांनी पांढरं तोंड धरणाऱ्या, दुखणाऱ्या पुळ्या मात्र जंतूंच्या असतात. लाली पसरत गेली किंवा ताप आला तर थांबायचंच नाही. फोडायचं तर कधीच नाही.

चेहऱ्याला काय लावता, असंही त्यांनी विचारलं. मुरमांसाठी मी रात्री अ‍ॅडापलीन लावत होते. "मग ओठावर वॅक्स केलं नाहीत हे नशीब," त्या म्हणाल्या. रेटिनॉइड जातीच्या या क्रीमने त्वचा नाजूक होते आणि पट्टीबरोबर सोलून निघू शकते. अशी क्रीम वॅक्सच्या आधी काही दिवस बंद ठेवायची, किती दिवस ते ज्यांनी लिहून दिली त्यांनाच विचारायचं. आणि मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या सुरू असतील तर त्या काळात आणि बंद केल्यानंतरही सहा महिने वॅक्स नाही. मधुमेह असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील, तरी आधी डॉक्टरांना विचारायला हवं. पार्लरमध्ये हे प्रश्न विचारले जात नाहीत, म्हणून आपणच सांगायचे.

काखेतले डाग जायला पावसाळा संपावा लागला.

पुढच्या वर्षी चुलत बहिणीचं लग्न ठरलं, तेही मेमध्येच. रविवारी लग्न, शनिवारी हळद. यावेळी मी कॅलेंडर घेऊन बसले. वॅक्स मंगळवारी संध्याकाळी, म्हणजे हळदीला मधे चार रात्री मिळतात. रेझर त्याच्या चार आठवडे आधी बंद. केस तांदळाच्या लांब दाण्याएवढे, साधारण अर्धा सेंटिमीटर तरी वाढलेले हवेत. त्याहून आखूड असले तर वॅक्स त्यांना धरत नाही, ते मधेच तुटतात आणि तुटलेला केस पुढे कातडीखाली वळतो. फार लांब झाले तर कात्रीने कापून घ्यायचे, नाहीतर ओढ जास्त लागते. ते चार आठवडे खूप जड गेले. कॉलेजात शिकवते, त्यामुळे फळ्यावर लिहायला हात वर केला की बाहीकडे लक्ष जायचं. शेवटी पूर्ण बाह्यांचे कॉटनचे कुर्ते काढले आणि विषय संपवला. अंगावर केस असणं हा काही दोष नाही, हे त्या महिन्यात मला जरा नीट कळलं. मला वॅक्स आवडतं म्हणून मी करते, लोकांच्या नजरेसाठी करायला लागले तर मग मी पुन्हा हळदीच्या दुपारीच जाईन.

याच काळात धाकट्या मावसबहिणीची हनुवटी बघून मी तिला वॅक्सऐवजी डॉक्टरांकडे नेलं. हनुवटीवर अचानक राठ केस आणि पाळी दोन-दोन महिने पुढे जात असेल तर ते आतल्या हार्मोन्सचं काम असू शकतं. ते पट्टीने ओढून मिटत नाही.

वॅक्सच्या आधीच्या शनिवारी हाताच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर वॅक्स लावून बघितलं आणि पूर्ण दिवस थांबले. पुष्कळ वॅक्समध्ये राळ असते आणि काहींना तिचीच अ‍ॅलर्जी असते. सोमवारी रात्री कोमट पाण्यात भिजवलेला पंच्याचा मऊ तुकडा हलक्या हाताने गोल फिरवला. वजरी नाही, खरखरीत स्क्रब नाही. मॉइश्चरायझर महिनाभर रोज लावत होते, कारण कोरडी त्वचा लवकर सोलते. बोअरच्या जड पाण्याने आमची कातडी उन्हाळ्यात तशीही भेगाळते. मंगळवारी मात्र तेल, क्रीम, डिओ काहीच लावलं नाही.

पार्लरवाल्या ताईंकडे जाताना आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांचं पाकीट घेऊन गेले. मागच्या वेळी एकच चाकू डब्यात बुडत होता, काखेवरून फिरून पुन्हा त्याच डब्यात. माझ्या आधीच्या बाईंच्या अंगावरूनही तो तसाच आला असणार. "ताई, एक काडी एकदाच बुडवायची, मग फेकायची," मी म्हणाले. सांगताना संकोच वाटत होता. माझ्या काखेची गोष्ट ऐकली तेव्हा त्यांनी हातातला चाकू बाजूला ठेवला आणि पट्ट्याही नव्या काढल्या. गरमपणा त्यांनी आधी स्वतःच्या मनगटावर बघितला, मग माझ्या. पावडर लावून घाम टिपला. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने वॅक्स, आणि पट्टी उलट दिशेने, पण वर न उचलता कातडीला समांतर ओढायची. कातडी ताणून धरली की दुखणं निम्मं होतं आणि निळं पडत नाही. काखेत केस एका दिशेने वाढत नाहीत, म्हणून तिथे तीन छोट्या तुकड्यांत काम केलं. एका जागेवर दोनदाच पट्टी, उरलेले चार केस चिमट्याने. पोटरीवरचा तीळ सोडून दिला.

वॅक्सने टॅन निघतं, असं आमच्याकडे प्रत्येक मुलगी म्हणते, मीही म्हणायचे. निघतात त्या वरच्या मृत पेशी, म्हणून हात उजळ दिसतो. पण तेवढ्याच लवकर तो उन्हात काळवंडतो. संध्याकाळची वेळ मी त्यासाठीच घेतली होती. स्कुटीवर दुपारी सनकोट आणि हातमोजे घालून आले असते, तर ऊन चुकलं असतं, पण सिंथेटिक कोटाखाली घामाचं डबकं झालं असतं.

घरी आल्यावर माठाच्या पाण्यात सुती फडकं भिजवून पिळलं आणि दहा-दहा मिनिटं हातापायांवर ठेवलं. बर्फ थेट लावायचा नाही. कुंडीतली कोरफड कापणार होते, पण तिच्या सालीखालचा पिवळा चीक अंगाला खाज आणतो, म्हणून बिनवासाचं साधं कोरफड जेल पातळ लावलं. आईचा जुना मऊ गाऊन घातला आणि कूलरसमोर झोपले.

पुढचे दोन दिवस खरे अवघड. खान्देशात मेमध्ये घाम येऊ द्यायचा नाही, हे कसं जमवायचं? अंघोळ थंड पाण्याने, सकाळ-संध्याकाळ. काखेत साबण नाही, डिओ नाही, अत्तर नाही. घाम आला की ओल्या फडक्याने टिपायचा, घासायचा नाही. लग्नघरात मांडे करायला चूल पेटली होती आणि प्रत्येक जण हात मागत होता. काकूंना स्पष्ट सांगितलं, "दोन दिवस चुलीपुढे बसवू नका, पुरण मी इथे पंख्याखाली वाटून देते." त्या थोड्या नाराज झाल्या. फुईनेच त्यांना समजावलं. मागच्या वर्षीचा हात तिने बघितला होता.

तिसऱ्या दिवसापासून मॉइश्चरायझर, आणि चौथ्या दिवशी ओल्या पंच्याने हलकं घासणं. तेव्हापासून आठवड्यातून दोनदा ते करते. आठवडाभराने चार केस दिसले तेव्हा आधी वाटलं, काम नीट झालं नाही. पण सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. काही तेव्हा कातडीखालीच असतात आणि नंतर वर येतात. नडगीवर दोन केस आत वळले होते. मावसबहीण सुई घेऊन आली, तिला थांबवलं. कोमट फडक्याचा शेक आणि हलकं घासणं यावर आठ दिवसांत ते आपोआप बाहेर आले.

हळद फुईने वाटली. लिंबू पिळायला कोणीतरी पुढे आलं तेव्हा ती म्हणाली, लिंबू नको. डॉक्टरबाईंनी मला सांगितलेलं मी तिला सांगितलं होतं: लिंबाचा रस लागलेल्या अंगावर ऊन पडलं की कातडी भाजते, कधी फोड येतात आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात. नुसती हळद, थोडं दूध. मी पुन्हा करवली होते, पुन्हा कोपरापर्यंत माखले, आणि आग झाली नाही.

या वर्षी वहिनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी जाणार होती. झोक्यावर बसायला निघायच्या आदल्या दिवशी ती मला पार्लरला चल म्हणाली. मी तिला विचारलं, रेझर कधी फिरवलास? "पंधरा दिवस झाले." मग आम्ही वॅक्स आखाजीनंतर करायचं ठरवलं. ती पूर्ण बाह्यांचं पोलकं घालून गेली आणि तिथून झोक्यावरचा फोटो पाठवला.