दहा स्लाइड्स तयार आणि विजेते निघाले दोन

लॉस एंजेलिसला मी लाइव्ह शोजचं ग्राफिक्स ऑपरेट करते, म्हणजे स्टेजवर नाव पुकारलं की मागच्या मोठ्या स्क्रीनवर ते नाव टाकायचं. १९ जानेवारी २०१४ ला बेव्हरली हिल्टन हॉटेलात प्रोड्युसर्स गिल्डचे, म्हणजे अमेरिकेतल्या निर्मात्यांच्या संघटनेचे अवॉर्ड्स होते, २५ वं वर्ष. आठवडाभर आधी ह्याच हॉटेलात गोल्डन ग्लोब्ज झालेले, पण ते टीव्हीवर दिसतात, हे नाही दिसत. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, मग बघणार कोण? म्हटलं अगं ज्यांनी सिनेमे उभे केले तेच समोर टेबलांवर बसलेले असतात.

म्हणूनच मला हा शो फार आवडतो. निर्माता म्हटलं की आपल्याकडे पैसे लावणारा एवढंच डोळ्यासमोर येतं, पण गोष्टीचे हक्क घेण्यापासून डायरेक्टर, बजेट, शूटिंग, एडिट ते रिलीजपर्यंत वर्षानुवर्षं एकच प्रोजेक्ट धरून बसलेला माणूस तो असतो. नुसतं डीलमध्ये नाव लागलेलेही बरेच असतात, त्यामुळे गिल्ड कोणी खरंच काम केलंय ते तपासून नावापुढे पी.जी.ए. (प्रोड्युसर्स गिल्ड ऑफ अमेरिका) ही अक्षरं लावू देतं. हे मला अगदी योग्य वाटतं.

टीव्हीचे अवॉर्ड्स शांतपणे पार पडले, ड्रामात ब्रेकिंग बॅड, कॉमेडीत मॉडर्न फॅमिली. शेवटी सिनेमा. नॉमिनेशन्स दहा, माझ्याकडे स्लाइड्स दहा. आणि स्टेजवरून टाय झाल्याचं सांगितलं! ग्रॅव्हिटी आणि ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह. गिल्डच्या इतिहासात असं आधी कधीच झालेलं नव्हतं, हेडसेटवर क्षणभर कोणीच बोलेना, मग कॉलर, म्हणजे हेडसेटवरून आम्हाला सूचना देणारी, ओरडली दोन्ही टाक, दोन्ही, आणि मी एक स्लाइड, मग दुसरी, परत पहिली अशी आलटून पालटून टाकत राहिले, हात थरथरत होते आणि समोर अख्खा हॉल टाळ्या वाजवत होता.

पॅकअपला क्रूमधले दोघं-तिघं म्हणाले सेटिंग आहे, कोणाला नाराज करायचं नव्हतं. मला ते अजिबात पटलं नाही. मतदान पसंतीक्रमाने होतं, आपल्याकडे विधान परिषदेला होतं तसंच जवळपास. सगळ्यात मागे असलेला सिनेमा बाद होतो, त्याची मतं त्या मतपत्रिकांवरच्या पुढच्या पसंतीला जातात, असं करत करत कोणीतरी निम्म्याच्या वर जातो. शेवटी दोनच उरले आणि मतं बरोबर सारखी पडली तर करणार काय?

सलग सहा वर्षं गिल्डचा विजेताच ऑस्करला बेस्ट पिक्चर ठरत होता म्हणून सगळ्यांचं लक्ष तिकडे. २ मार्चला ते ट्वेल्व्ह इयर्सला गेलं, ग्रॅव्हिटीला डायरेक्टर धरून सात ऑस्कर. पण निर्मात्यांच्या कामाचा विचार केला तर मला गिल्डचाच निकाल जास्त बरोबर वाटतो. एकीकडे ग्रॅव्हिटीचं १०० मिलियन डॉलरच्या आसपासचं बजेट आणि अंतराळातला उजेड चेहऱ्यावर पडावा म्हणून एलईडीची अख्खी पेटी बांधून घ्यायची, दुसरीकडे साधारण २० मिलियनमध्ये १८५३ च्या आत्मकथनावरून गुलामगिरीचा सिनेमा काढायचा, जो बघायला लोक येतील की नाही ह्याची कोणालाच खात्री नाही. ह्यातलं कुठलं काम कमी कठीण, सांगा ना.