विहिरीवरचे महत्त्वमापन

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यातील आमच्या शाळेत दहावीला ‘महत्त्वमापन’ (आकारांचे क्षेत्रफळ व घनफळ काढण्याचे गणित) शिकवताना वृत्तचितीचे, म्हणजे नळकांड्यासारख्या आकाराचे, घनफळ मी आता गावच्या विहिरीवर शिकवतो. दर मीटरला गाठ मारलेली, टोकाला दगड बांधलेली सुतळी मुलांनी कठड्यावरून पाण्यात सोडली, तेव्हा ओल्या गाठी मोजायला एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलगी सर्वांत पुढे होती. व्यास 7 मीटर, पाणी 4 मीटर. म्हणजे 154 घनमीटर, 1,54,000 लिटर. हा आकडा मुलांनी ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिला आणि दर पंधरवड्याला पुन्हा मोजून तो बदलण्याची जबाबदारी आपणहून घेतली, याचे मला परीक्षेतील गुणांहून अधिक मोल वाटते.

याच जिल्ह्यातील काले येथे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटील यांनी श्रम आणि शिक्षण यांची सांगड घातली होती. मी त्याच वाटेने चालतो आहे. तासिकेत हे बसत नाही, म्हणून आम्ही शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर जातो.

परवा फलक वाचून एका आजोबांनी विचारले, “गुरुजी, मग जनावरांना किती दिस पुरंल?” तो प्रश्न मुलांनी वहीत उतरवून घेतला असून, येत्या शनिवारी घरोघरची जनावरे मोजायची आहेत.