पाणी मारता काय?

शनिवार, रात्री

मामाच्या होडीचं जुनं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावतात ते इंजिन, आज बोललं. निळा धूर, फाटका आवाज, खळ्यात जमलेली वाडीतली पोरं ओरडायला लागली, मामी पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि मामा खुर्चीतून उठून उभा राहिला, ते बघून बरं वाटलं हे खरंय. पण माझं सगळं लक्ष त्या मागच्या बारक्या भोकाकडे होतं, जिथून पाण्याची धार बाहेर पडायला पाहिजे. नाही पडली. थोडी वाट बघितली, वरचं हेड हाताला चटका देईल इतकं तापायला लागलं तसं लगेच बंद केलं. पोरं नाराज. शेजारचे काका म्हणाले, "अरे चालू झाला मां, बंद कित्याक केलंस?"

चालू झालं म्हणजे बरं झालं असं नसतं ना. थंड राहायला बाईकच्या इंजिनाला हवा लागते, याला खाडीचंच पाणी लागतं. खाली प्रोपेलरच्या वर एक छोटा पंप असतो, त्यात रबरी इंपेलर फिरतं, ते पाणी ओढून वर सिलिंडरभोवती फिरवतं आणि त्यातलीच थोडी धार मुद्दाम बाहेर सोडलेली असते, चालवणाऱ्याला दिसावी म्हणून. धार नसेल तर बघता बघता पिस्टन तापून अडकून बसतो आणि मग खरंच भंगार. म्हणून खाडीवरची जुनी माणसं मशीन चालू झालं की पहिलं हेच विचारतात, पाणी मारता काय. मामानेही आज तेच विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली तर "मगे झाला नाय," म्हणाला आणि परत बसला. मला त्याचं हे पटतं. एवढ्या लोकांत त्याला एकट्यालाच माहीत होतं की काम अजून बाकी आहे.

रविवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, लाइट पण गेलीय, तर आत्तापर्यंत काय काय केलं ते लिहून ठेवतो, पुढे मलाच लागेल.

मशीन जपानी आहे, 8 एचपी, टू स्ट्रोक, दोन सिलिंडर, मामाने सेकंड हँड घेतलेलं. कर्ली खाडीत आणि देवबागच्या संगमापर्यंत त्याने ते कितीतरी वर्षं चालवलं, पगोळी नावाच्या जाळ्याने खेकडे, वाघुराचं जाळं, कधी निवतीच्या बाजूला गरी घेऊन, मग गुडघे गेले आणि मशीन पडवीत लाकडी घोडीवर टांगलं गेलं ते गेलंच. आता देवबाग-तारकर्लीला पर्यटकांच्या बोटींवर नवी फोर स्ट्रोक मशीनं दिसतात, आवाज नाही, धूर नाही, चांगलीच आहेत. पण ज्याला एकट्याने बारकी होडी घेऊन खाडीत जायचंय त्याच्यासाठी हे हलकं जुनं मशीन अजून बेस्ट आहे, एकटा माणूस खांद्यावर टाकून घरी आणतो. भंगारवाला अॅल्युमिनियमच्या भावाने मागत होता, मामीने जवळजवळ दिलंच होतं.

पहिलं काम म्हणजे दोरी अजिबात ओढायची नाही. एवढी वर्षं बसलेलं मशीन, पिस्टनच्या रिंगा गंजून भिंतीला चिकटलेल्या असू शकतात, जोर लावला की रिंग तुटते. स्पार्क प्लग काढून दोन्ही भोकांत इंजिन ऑइल आणि डिझेल मिसळून सोडलं, रात्रभर ठेवलं, मग फ्लायव्हील हाताने हळूहळू पुढेमागे. सुटलं. अंगठा प्लगच्या भोकावर दाबून फिरवलं तर दोन्हीकडे सारखाच जोर लागला, अंगठा उडवत होतं. तिथेच कळलं की याचा जीव शाबूत आहे. बाकी सगळं साफसफाईचं काम.

स्पार्क नव्हता. जुन्या मशीनमधे फ्लायव्हीलखाली पॉइंट असतात, स्पार्कसाठी वीज जोडणारे-तोडणारे, त्यांच्यावर खारी हवा लागून बुरशीसारखा हिरवट पांढरा थर धरतो. फ्लायव्हील पुलरनेच काढायचं, हातोडी मारायची नाही, नाहीतर क्रँकचं टोक जातं. पॉलिश पेपरने पॉइंट घासले, फीलर गेज लावून गॅप केला, एका प्लगवर लगेच निळी ठिणगी आली, दुसऱ्यावर पिवळट, तिथे कंडेन्सर बदलावा लागला.

कार्बोरेटरचं काय सांगू. खालची वाटी उघडली तर जुनं पेट्रोल आटून फणसाच्या चिकासारखं सगळ्याला धरून बसलेलं, मेन जेटचं भोक तर दिसतच नव्हतं. जेट पितळेचं असतं, त्यात सुई किंवा स्टीलची तार घातली की भोक मोठं होतं आणि मशीन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं, म्हणून वायरमधली तांब्याची एक तार काढून कार्ब क्लीनरमधे भिजवून भिजवून ते मोकळं केलं. उजेडाकडे धरल्यावर पलीकडचा माड दिसला तेव्हा थांबलो. रबरी नळ्या सगळ्या नव्या. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमधे 20 टक्के इथेनॉल असतं, जुन्या नळ्या त्यात फुगतात, शिवाय इथेनॉल हवेतली ओल खेचतं आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा आहे, कॅनमधे जास्त दिवस राहिलं की पाणी आणि इथेनॉल तळाला बसतं आणि नळी तर तळातूनच ओढते. त्यामुळे लागेल तेवढंच आणायचं असं ठरवलंय. पेट्रोलमधे मिसळायचं ऑइल बाईकचं 2टी नाही, आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू3, त्याची राख होत नाही. लिटरला 20 मिली असतं पण सुरुवातीला मी 40 घालतोय, धूर झाला तर झाला.

सोमवार

मशीनचा खालचा पाय, पंप आणि प्रोपेलर असतो तो भाग, काढला. लिहायला एक ओळ, करायला दुपार गेली. अॅल्युमिनियमच्या बॉडीत स्टीलचे बोल्ट आणि मधे मीठ, दोन धातूंचं आणि खाऱ्या पाण्याचं जमलं की अॅल्युमिनियम खाल्लं जातं आणि त्याचीच पांढरी पूड बोल्टला धरून बसते. घाई केली की डोकं तुटून हातात येतं. ब्लो लॅम्पने बाजूचं धातू गरम करायचं, ऑइल सोडायचं, थांबायचं, पाव फेरी सोडवायचं, परत थोडं आवळायचं, परत सोडवायचं. मामा बाजूला बसून नुसता बघत होता आणि मधेच "थांब रे झिला, कढत हा तवसर हात लावू नको" एवढंच. शेवटचा बोल्ट त्यानेच काढला. गुडघे गेलेत, मनगट नाही गेलं.

इंपेलर बाहेर आलं ते एकदम कडक, सगळी पाती एकाच बाजूला झोपलेली, बोटाने उभं केलं की परत झोपतं. दोन पात्यांना मुळात चिरा. हे पाणी कुठून ओढणार. रत्नागिरीहून नवीन मागवलंय, एसटीच्या पार्सलने येईल.

पण मला शंका होती की नुसतं इंपेलर नसणार. धारेच्या भोकात सायकलच्या ब्रेकची तार घातली, ती बोटभर आत जाऊन अडकली. फिरवली तर लाल माती पडायला लागली. सुकलेली, बारीक, आपल्या इथली लाल माती, आणि तिच्यात वाळलेले कोळी, एवढे एवढे, पाय दुमडलेले. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं आत. ती कोळ्याला नांगी मारून लुळा करते, मारत नाही, मातीच्या घरात कोंडते आणि वर अंडं घालते म्हणजे अळीला ताजं खायला मिळतं. मामाला हातावर घेऊन दाखवलं तर कितीतरी वेळ बघत राहिला. मामी म्हणाली घरात कुंभारणीने घर केलं की चांगलं असतं. असेल, पण यापुढे त्या भोकाला कापडाचा बोळा लावूनच मशीन ठेवायचं.

आतल्या वाटा मिठाने अर्ध्या भरल्या होत्या. हेड खोलायची हिंमत होती पण गॅस्केट हातात नाही, म्हणून व्हिनेगर आणि पाणी भरून ठेवलंय. (मंगळवारी सकाळी काढल्यावर गढूळ पांढरं पाणी आलं, परत भरलं.)

गुरुवार

इंपेलर आलं. ग्लिसरीन लावून बसवलं, ग्रीस नाही, ग्रीसने रबर फुगतं. घड्याळाच्या दिशेने फिरवत आत ढकललं म्हणजे पाती बरोबर बाजूला वळतात. सगळ्या बोल्टना मरीन ग्रीस. ड्रम भरला, प्रोपेलरच्या वर जी आडवी प्लेट असते तिच्या वरपर्यंत पाणी, प्रोपेलर काढून ठेवलेला. काका म्हणाले "सुक्यातच एकदा ओढून बघ मां", नाही म्हणलं, नवीन इंपेलर सुकं फिरलं की काही सेकंदांत जळतं.

चोक, दोरी, बोललं. आधी भोकातून थुंकी उडाली, तांबूस, मग थोडी कचपच, मग धार लागली. बोटाएवढी जाड, ड्रमच्या बाहेर पार पायरीवर. हात धरला तर कोमट. हेडवर हात ठेवता येत होता. मामा ओरडलाच, "मारता रे, मारता पाणी!" आणि मी काही बोलू शकलो नाही, थ्रॉटल धरून तसाच उभा होतो.

ऑगस्ट, मासेमारीची बंदी उठल्यावर

31 जुलैला बंदी संपली, नारळी पौर्णिमा झाली, आज होडी पाण्यात. मामाला उचलूनच बसवावं लागलं, बसल्यावर मात्र हँडल माझ्या हातातून घेतलं. संगमाच्या अलीकडे वाळूचा दांडा दरवर्षी सरकतो, प्रोपेलर वाळूला लागला आणि त्याची पिन तुटली. ती तुटायलाच असते, ती तुटते म्हणून गियर वाचतो. नांगर टाकून मशीन वर घेतलं, मामाने खिशातून पिन काढली, घरूनच घेऊन आला होता, मला सांगितलं पण नव्हतं. बसवली, दोरी मी ओढली, तो मागे वाकून धारेकडे बघत होता.

येताना भोगव्याच्या बाजूने आलो. घरी आल्यावर ड्रममधे गोड्या पाण्यावर चालवलं, मग पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर आटेपर्यंत चालू ठेवलं. गियर ऑइल उद्या काढून बघायचंय, दुधाळ आलं तर खालचं सील जातंय. पिना पण आणायच्यात, मामाकडे आता एकच राहिलीय.