मातिन्योंची खुर्ची आणि मिशेल रोकार

फ्रान्समध्ये २०२४ या एकाच वर्षात चार जण पंतप्रधान होते, बॉर्न, अताल, बार्निए आणि बायरू, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये तर पंतप्रधान लकोर्नूंनी रविवारी संध्याकाळी मंत्र्यांची यादी जाहीर केली, सोमवारी सकाळी राजीनामा दिला आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी रात्री राष्ट्राध्यक्ष मॅक्रॉननी परत त्यांनाच नेमलं. अशा बातम्या आल्या की आपल्याकडे लोक म्हणतात, गेला तो देश, तिकडे काही राम राहिला नाही. मला हे पटत नाही. एमएस युनिव्हर्सिटीत पोलिटिकल सायन्स घेतलं तेव्हापासून फ्रान्सच्या या पंतप्रधानपदाचं मला वेड आहे, आणि माझं मत असं की ती मातिन्योंची, म्हणजे पंतप्रधानांच्या कचेरीतली, खुर्ची पहिल्यापासूनच अवघड करून ठेवलीये, आजच्या माणसांनी ती बिघडवली असं नाही.

परवा दांडिया बाजारात मामांकडे बसलो होतो तर मामांनी नेमका तोच प्रश्न काढला. "अरे, तिकडे राष्ट्राध्यक्षच सगळं बघतो ना, मग हा पंतप्रधान ठेवलाय कशाला?" म्हटलं मामा, तुम्ही बडोद्याचे, तुम्हाला दिवाण म्हणजे काय ते मी काय सांगणार. सयाजीराव लहान होते तेव्हा १८७५ पासून टी. माधवरावांनी राज्याची घडी बसवली, कोर्टकचेऱ्या, शाळा, हिशेब सगळं, पण दिवाणाला नेमणार वरचे आणि काढणारही वरचेच, लोकांनी निवडलेल्या सभेपुढे जाऊन त्याला मतं मागायची नव्हती. फ्रान्सच्या पंतप्रधानाला दोन्ही करावं लागतं. नेमतो राष्ट्राध्यक्ष, आणि घरी पाठवू शकते ती ५७७ खासदारांची असेंब्ली. मामा म्हणाले, "म्हणजे मेलाच की तो!" जवळजवळ तसंच आहे.

द गॉल यांनी १९५८ मध्ये ही घटना आणली. त्याआधीच्या चौथ्या रिपब्लिकमध्ये बारा वर्षांत वीसच्या वर सरकारं पडली होती म्हणून त्यांना मजबूत राष्ट्राध्यक्ष हवा होता. पण घटना नीट वाचली तर धक्का बसतो. कलम २० म्हणतं देशाचं धोरण सरकार ठरवतं, कलम २१ म्हणतं सरकार पंतप्रधान चालवतो, आणि कलम ८ मध्ये राष्ट्राध्यक्षाने पंतप्रधानाला काढायचं असं लिहिलेलंच नाही, पंतप्रधानाने स्वतः राजीनामा द्यायचा आणि राष्ट्राध्यक्षाने तो घ्यायचा, एवढंच. आता प्रत्यक्षात काय होतं बघा. पंतप्रधान शाबान-देलमास यांनी मे १९७२ मध्ये असेंब्लीत विश्वासमत जिंकलं, ३६८ विरुद्ध ९६, म्हणजे दणदणीत, आणि जुलैच्या सुरुवातीला राष्ट्राध्यक्ष पोंपिदूंनी त्यांना घरी बसवलं. जिंकलेला माणूस गेला! उलट १९९७ ते २००२ जोस्पँ पंतप्रधान होते आणि राष्ट्राध्यक्ष शिराक दुसऱ्या पक्षाचे, तर पाच वर्षं शिराक त्यांचं काही करू शकले नाहीत, कारण बहुमत जोस्पँकडे होतं. म्हणजे कागदावरची घटना तीच, पण असेंब्लीतलं बहुमत कुणाचं यावर खरा मालक कोण ते ठरतं. आणि २०२४ च्या जुलैमधल्या निवडणुकीपासून बहुमत कुणाचंच नाही, डावे, मधले आणि उजवे-कडवे असे तीन तट पडलेत, त्यातले कुठलेही दोन मिळून सरकार पाडू शकतात. बार्निए तसेच गेले, ३३१ मतांनी. बायरूंनी तर कर्जाच्या प्रश्नावर स्वतःहून विश्वासमत मागितलं, १९४ बाजूने आणि ३६४ विरुद्ध.

आता रोकारांबद्दल लिहितो, कारण खरं तर त्यांच्यासाठीच हे सगळं लिहायला बसलोय. मिशेल रोकार १० मे १९८८ ला पंतप्रधान झाले. राष्ट्राध्यक्ष मितेराँ आणि ते एकाच सोशालिस्ट पक्षाचे पण दोघांचं कधी जमलं नाही, आणि जूनच्या निवडणुकीत पक्षाला स्पष्ट बहुमतही मिळालं नाही, म्हणजे वरून प्रेम नाही आणि खालून आधार नाही. त्यात पॅसिफिकमधल्या फ्रान्सच्या ताब्यातल्या न्यू कॅलेडोनियात आग लागलेली. उवेआ बेटावर एप्रिलमध्ये स्वातंत्र्यवादी कनाकांनी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांनी, चार पोलिस मारले, बाकीच्यांना ओलीस धरून गुहेत ठेवलं, आणि ५ मे ला लष्कराने हल्ला केला त्यात १९ कनाक आणि २ सैनिक मेले. रोकार खुर्चीत बसले ते यानंतर पाच दिवसांनी. त्यांनी काय केलं, तर आणखी फौज पाठवण्यापेक्षा एक छोटी मंडळी बोलणी करायला पाठवली, त्यात सरकारी अधिकारी होतेच पण एक कॅथलिक धर्मगुरू, एक प्रोटेस्टंट पास्टर आणि एक फ्रीमेसनही होता, कारण बेटावर प्रत्येकाचा विश्वास वेगळ्या माणसावर. त्या मंडळींनी तिथे जाऊन नुसतं ऐकून घेतलं. मग दोन्ही बाजूंना पॅरिसला बोलावलं, मातिन्योंमध्ये, आणि २६ जून १९८८ ला कनाकांचे नेते चिबाऊ आणि फ्रान्ससोबतच राहायचं म्हणणाऱ्यांचे नेते लाफ्लर यांनी करारावर सह्या करून हात मिळवले. दोन महिन्यांपूर्वी एकमेकांच्या माणसांची प्रेतं मोजत होते हे लोक. तो हातात हात घातलेला फोटो मी कितीदा पाहिलाय, दर वेळी गलबलतं. पुढच्या वर्षी चिबाऊंना कराराच्या विरोधातल्या एका कनाकानेच गोळी घातली, आणि २०२४ मध्ये तिथे परत पेटलं, तरी मधली बरीच वर्षं त्या कराराने वाचवली.

असेंब्लीतही तेच. गरिबांना किमान उत्पन्न देणारा कायदा, आरएमआय, रोकारांनी जवळजवळ सगळ्यांना बरोबर घेऊन पास केला. जिथे जमलं नाही तिथे घटनेतलं कलम ४९.३ वापरलं, तब्बल २८ वेळा. हे कलम म्हणजे सरकार म्हणतं बिल पास धरा, नाहीतर आम्हाला पाडून दाखवा, आणि पाडायला अविश्वास ठरावाच्या बाजूने २८९ मतं लागतात, गप्प बसलेला खासदार सरकारच्याच बाजूचा धरला जातो. नोव्हेंबर १९९० मध्ये नव्या सामाजिक करावरून २८४ मतं पडली, फक्त पाच कमी. लोक म्हणतात २८ वेळा म्हणजे हुकूमशाही झाली, मला वाटतं आधी प्रत्येक गटाशी बोलून, कम्युनिस्टांशी एका बिलावर, मध्यममार्गींशी दुसऱ्यावर, मग शेवटी हे हत्यार काढणं आणि पहिल्याच दिवशी ते काढणं यात फार फरक आहे. आता तेवढ्या वेळा करताही येत नाही, २००८ च्या दुरुस्तीनंतर बजेट आणि सामाजिक सुरक्षेचं बजेट सोडून एका अधिवेशनात एकाच बिलावर चालतं.

मे १९९१ मध्ये मितेराँनी रोकारांचा राजीनामा घेतला. असेंब्लीने पाडलेलं नव्हतं, लोकांमध्ये चांगलं नाव होतं, तरीही. आणि त्या जागी एदिथ क्रेसाँ आल्या, फ्रान्सच्या पहिल्या महिला पंतप्रधान, त्यांना पुरतं एक वर्षही मिळालं नाही, आणि पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर जी घाणेरडी टीका झाली ती एखाद्या पुरुषावर झाली नसती असं मला ठाम वाटतं.

म्हणून लकोर्नूंची बातमी आली तेव्हा मी राजीनाम्यापेक्षा त्यांनी पुढे काय केलं ते बघत होतो. परत आल्यावर त्यांनी २०२३ ची, निवृत्तीचं वय ६४ करणारी पेन्शन सुधारणा २०२७ च्या निवडणुकीपर्यंत थांबवतो म्हणून सोशालिस्टांना सांगितलं, आणि १६ ऑक्टोबरला त्यांच्याविरुद्ध २७१ मतं पडली, अठरा कमी. मॅक्रॉनसाठी ती सुधारणा सगळ्यात मोठी होती, तीच बाजूला ठेवावी लागली. मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे बोलणी केली तेव्हा टिकला." हो मामा, बोलणी केली तेव्हा.