पुकारा

डिसेंबरचा पहिला रविवार, म्हणजे कराडला आमच्या मंडळाचा वार्षिक मेळावा. कराडकडे ऊसतोड ऐन भरात असते, त्यामुळे पुण्याहून येणाऱ्यांना उशिराचं कारण आयतं मिळतं. उंब्रजपासून ट्रॉल्या लागल्या म्हणे. पाटणचे वकीलसाहेब एक्क्याऐंशीव्या वर्षी पहिल्या एसटीनं येतात, त्यांना कधी ट्रॉल्या लागत नाहीत. हे मी दरवर्षी माईकवरून बोलते, पुणेकर दरवर्षी हसतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा बरोबर पानं वाढायच्या वेळी हजर होतात.

आमचं मंडळ म्हणजे पुण्याच्या लॉ कॉलेजात शिकून कराड, पाटण, वडूज, विटा या बाजूला आलेल्या लोकांचं. नोंदणी नाही, घटना नाही. एक हजेरीवही आहे आणि ती बावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. दीपप्रज्वलन, स्वागत, गुलाबाची फुलं हे सगळं होतं, पण त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नसतं. खरी सुरुवात पुकाऱ्यानं होते.

कोर्टातून निवृत्त झालेले आमचे शिपाईमामा दारात उभे राहतात आणि एकेकाचं नाव घेऊन ओरडतात, ‘हाजीर हायेत काऽऽ?’ तेही तीनदा. ज्याचं नाव आलं त्यानं उठायचं, पास झाल्याचं साल सांगायचं आणि सध्या काय करतो ते सांगायचं. कायद्याची पदवी घेऊन माणूस कुठे कुठे जाऊन बसतो ते इथे कळतं. एक साखर कारखान्यात लेबर ऑफिसर, एक सरकारी वकील, एकाचं खता-बियाण्याचं दुकान. एकजण कीर्तन करतात आणि पूर्वरंगात पुराव्याच्या कायद्याचे दाखले देतात. एक बाई लग्नानंतर बावीस वर्षांनी वकिलीची सनद काढून पुन्हा उभ्या राहिल्या. गैरहजर असलेल्यांनी आधी कळवलं असेल तर मामा म्हणतात, ‘मुदत अर्ज आहे,’ म्हणजे कोर्टात पुढची तारीख मागायला देतात तो. आमच्यातले जे मोठ्या खुर्च्यांवर गेले त्यांचे अर्ज फार सुबक असतात, इंग्रजीत टाइप केलेले. वहीत मी त्यांच्यापुढे फक्त ‘शुभेच्छा’ असं लिहिते.

त्यानंतर कॉलेजवर एक भाषण. ते कुणीही करो, त्यातली नावं ठरलेली असतात. १९२४ साली कॉलेज सुरू झालं, पहिले प्राचार्य जगन्नाथ रघुनाथ घारपुरे, ज्यांनी मिताक्षरेसारखे धर्मशास्त्राचे ग्रंथ इंग्रजीत आणले. अगदी पहिल्या काही तुकड्यांतले आमच्या साताऱ्याचे गजेंद्रगडकर, १९६४ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. मग यशवंतराव. इथे आवाज चढतोच, कारण त्यांची समाधी असलेला प्रीतिसंगम आमच्या सभागृहापासून पायी जाण्याच्या अंतरावर. देवराष्ट्र्याचा मुलगा, १९४१ मध्ये एलएलबी, वकिलीला बसला तो कराडलाच. बेचाळीसची चळवळ आली, ते भूमिगत झाले आणि वकिली तिथेच थांबली. मला नेहमी वाटतं, त्या वर्षभरात त्यांच्याकडे आलेल्या पक्षकारांनी पुढच्या तारखांना काय केलं असेल? पण हा प्रश्न भाषणात कुणी घेत नाही, थेट १ मे १९६० वर जातात.

मोहन धारियाही येतात, केंद्रात मंत्री होऊन पुढे ‘वनराई’ उभी करून झाडं आणि पाणी यांच्या मागे लागलेले. विलासराव येतात बाभळगावच्या सरपंचपदापासून. सुशीलकुमार शिंदे आले की मामा ताठ बसतात, कारण सोलापूरच्या कोर्टात पट्टेवाला, मग फौजदार, मग मुख्यमंत्री. ‘आपल्या लाइनीतला माणूस,’ असं मामा शेजाऱ्याला दरवर्षी सांगतात.

आणि यशवंत विष्णू चंद्रचूड. फेब्रुवारी १९७८ ते जुलै १९८५, एवढा काळ सरन्यायाधीश दुसरं कुणी राहिलेलं नाही. वक्ते एवढं सांगून पुढे जातात. १९७६ चा आणीबाणीतला निकाल मात्र ते टाळतात, ज्यात अटकेतल्या माणसाला दाद मागता येत नाही असं म्हणणाऱ्या चार न्यायमूर्तींत चंद्रचूडही होते. तो विषय मग जेवणाच्या पंगतीत निघतो आणि जिलेबी गार होईपर्यंत चालतो. २०१७ मध्ये त्यांच्याच न्यायमूर्ती मुलानं तो निकाल चुकीचा ठरवला, हे कुणीतरी सांगतं तेव्हा कुठे वाद मिटतो.

मी ज्यासाठी एवढी धडपड करते ते जेवणाआधीचं सत्र. नियम एकच: उभं राहून हरलेली केस सांगायची. जिंकलेल्या केसेस बाररूममध्ये रोज ऐकायला मिळतात. इथे न्यायाधीशाला, अशिलाला किंवा समोरच्या वकिलाला दोष द्यायला बंदी आहे. दरवर्षी नवे दोघे-तिघे बोलतात आणि शेवटी पाटणच्या साहेबांना तीच जुनी केस सांगायला लावतात.

१९७१ सालचा वाटणीचा दावा. साहेबांची सनद नवी. बाप मेलेला, धाकट्या भावानं थोरल्यावर दावा लावायला सांगितलं. बहीण मुंबईला दिलेली, नवरा गिरणीत. अशील म्हणाला, ती काही मागत नाही, तिला कशाला मध्ये आणता? साहेबांनी दाव्यातून तिचं नाव गाळलं. १९५६ च्या वारसा कायद्यानं बापाच्या हिश्श्यात मुलगी वारस आहे, हे परीक्षेत लिहून आलेला माणूस! कोर्टानं विचारलं, बहिणीला पक्षकार करून घेता का? अशील हटून बसला, साहेबांना त्याला गप्प करण्याचं धाडस झालं नाही, आणि आवश्यक पक्षकार नाही म्हणून दावा निकाली निघाला. ‘घारपुऱ्यांच्या कॉलेजातून हिंदू कायदा शिकून आलो आणि बहीण विसरलो,’ असं साहेब म्हणतात तेव्हा सगळे हसतात. मी हसत नाही, कारण पुढचं मला माहीत असतं.

त्या मे महिन्यात ती बहीण माहेरी आली आणि साहेबांच्या ऑफिसात आली. भांडायला आली असेल म्हणून साहेबांनी कारकुनाला थांबवून घेतलं. ती उंबऱ्यातच उभी राहिली. म्हणाली, ‘वकीलसाहेब, माझ्या नावावाचून दावा उभा ऱ्हात न्हाई, हे मला आधी कुणी सांगितलंच न्हवतं.’ एवढंच बोलून गेली.

या वाक्याला मी चहाचं बघायला बाहेर जाते. बावीस वर्षं जाते आहे. चहा कधीच तयार नसतो.

परत येते तोवर साहेब फळ्याजवळ असतात. १९७८ मध्ये चंद्रचूडांनी हिराबाई मगदूम यांच्या दाव्यात दिलेला निकाल ते खडूनं मांडतात. नवरा खंडाप्पा वारले; मागे हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. मरणाच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं कायद्यानं धरायचं, म्हणजे नवरा, बायको आणि दोन मुलगे यांना एकेक चतुर्थांश. मग नवऱ्याच्या चतुर्थांशाचे सहा वाटे. खालच्या कोर्टानं हिराबाईंना तो एक-चोवीसांशच दिला होता. हायकोर्टानं तिचा स्वतःचा चतुर्थांशही धरला आणि सुप्रीम कोर्टानं ते कायम केलं. सहा आणि एक, सात-चोवीसांश. साहेब अपूर्णांकाखाली दोन रेघा मारतात. एवढा काळ सरन्यायाधीश राहिलेल्या माणसाची आमच्या फळ्यावर दरवर्षी राहणारी खूण म्हणजे हा आकडा. सभागृहवाल्यांची मुलं सोमवारी शिकवणीला येतात तोवर तो तसाच असतो.

आता आभार, आणि इथे माझा जीव वर-खाली होतो. मागच्या खेपेला पाण्याच्या जारवाल्याचं नाव राहिलं, तो संक्रांतीपर्यंत बोलला नाही. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलंय, तेव्हा कामावरून ओळखा. सतरंज्या देणारे मुद्रांक विक्रेते, त्यांनीच निमंत्रणांची पाकिटंही दिली. कोर्टाच्या आवारातले टायपिस्ट, ज्यांनी यादी तीनदा बदलूनही पैसे घेतले नाहीत. झेरॉक्सवाल्या ताई. रांगोळी काढणारी माझ्या ज्युनिअरची भाची. आमटी-भात-जिलेबीच्या मावशी आणि त्यांच्या दोन सुना. धाकट्या सुनेनं एकटीनं दीडशे पानांची वांगी चिरली. माईकवाला, त्याचा भाऊ (वायर त्यानं आणली). साहेबांना स्टँडवरून आणणारा आणि संध्याकाळी पाटणच्या गाडीत खिडकीजवळ बसवून देणारा रिक्षावाला. जारवाला. जारवाला दोनदा लिहिला तरी चालेल.

गेल्या वर्षी सही करणारे त्रेचाळीस, त्यात बारा वाजण्याआधीचे सव्वीस. वही कुणालाही बघायला मिळेल.

एक गोष्ट मात्र वहीत नाही. हरलेली केस मी आजवर सांगितलेली नाही. दरवर्षी कुणीतरी सुचवतं आणि मी म्हणते, मला चहाचं बघायचंय. यंदा मामांनी मला विचारलं, ‘बाईसाहेब, तुमचे किती मुदत अर्ज झाले?’ मी मोजले नव्हते. त्यांनी मोजले होते. माळ्यावरून १९९१ सालच्या एका केसच्या कागदांचा बस्ता खाली काढलाय, दोरी अजून सोडलेली नाही. पुकाऱ्यात माझं नाव पहिलं घेणार आहेत म्हणे, पुणेकर पोचायच्या आत.